कर्ण्याचं तोंड घराकडं

नगरच्या संगीत महोत्सवाचं स्पीकरचं काम आमच्या घरातून गेलं ते आपल्या एकटीमुळं गेलं, असं माझी बायको मरेपर्यंत समजत होती. तसं नव्हतं. ते माझ्यामुळं गेलं. हे मला ती जिवंत असतानाच कळलं होतं, आणि तिला सांगायला माझ्या हातात चांगलं दीड वर्ष होतं. मी सांगितलं नाही. आता ती नाही. चार यत्ता शिकलेला माणूस वही घेऊन बसला म्हणजे त्याचं काही तरी अडलंय, एवढं समजून वाचा.

सुरुवातीला त्याला कोणी महोत्सव म्हणत नव्हतं. मुलींच्या शाळेत एक गायनमास्तर होते. त्यांचे गुरू वारले, तर त्यांच्या आठवणीत दरवर्षी थंडीत, शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस गाणं करायचं असं त्यांनी ठरवलं. माळीवाड्यात माझं स्पीकरचं दुकान. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. मधे प्लायवूड ठोकलेलं, पुढं आवाजाचं मशीन आणि कर्णे, मागं चूल आणि आमचा संसार. लग्न, वरात, बारसं, निवडणूक, सगळीकडं मी कर्णे लावायचो. पार सोनईपर्यंत माझे कर्णे जायचे. शास्त्रीय गाणं मात्र कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी स्पीकर सांगितला, तर मी हातगाडीवर दोन मोठाले कर्णे घालून गेलो आणि शाळेतल्या बदामाच्या झाडाला बांधले. तोंडं रस्त्याकडं.

मास्तर धोतर सावरत पळत आले.

"अहो, हे काय? इथे कुणाचं लग्न आहे का?"

"गाणं हाय ना? मग गावाला कळाया नको?"

"गावाला नाही कळवायचं! आत पन्नास माणसं बसतील, त्यांना ऐकू आलं म्हणजे झालं."

"पन्नासच? मग स्पीकर कशाला, मास्तर? वरडून गा की."

माझी बायको वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन उभी होती. ती इतकी हसली की मास्तरांनाही हसू आलं. ती म्हणाली, "अवो, उतरवा ते. भजनाला देतो ते लाकडी डबे आना दोन. आन् जरा हळू बोला, ते गायनमास्तर हायेत, भाजीवाले न्हाईत."

मी डबे आणले. हॉलमध्ये एक इकडं, एक तिकडं ठेवला. मास्तरांनी तंबोरा माईकपुढं धरला. मी मशीनपाशी बसलो. मला सगळं ठीक वाटलं. ही खांबाजवळ उभी होती, तिनं नाक मुरडलं.

"डावीकडचा फुटकाय."

"कालच वाजवलाय मी."

"वाजवला असंल. फुटकाय."

डबा उघडून बघितला तर आतल्या कागदाला नखाएवढी चीर. मास्तर तिच्याकडं बघतच राहिले.

ती कोल्हारच्या कुंभाराची पोर. आम्हीही कुंभारच, पण माझ्या बापानं चाक सोडून नगरात हमाली धरली, त्यामुळं माझ्या हाताला माती लागली नाही. तिचा जन्म मात्र आव्याशेजारचा. भट्टीतून निघालेलं मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बाजूला ठेवायचं काम तिच्याकडं असायचं. डोळ्याला न दिसणारी चीर तिला कानानं कळायची. बाजाराच्या दिवशी तिचा बाप गिऱ्हाइकाला म्हणायचा, पोरीनं वाजवलंय, घरी जाऊन गळलं तर पैसे परत. हे मी लग्नात ऐकलं होतं, पण त्याचा मला धंद्यात उपयोग होईल असं डोक्यात आलं नव्हतं.

पुढं दरवर्षी तसंच ठरलं. दुपारी तंबोरे लागायचे आणि ही हॉलमध्ये फिरायची. चार ठिकाणी बसून बघायची. हात खाली दाबला म्हणजे आवाज कमी कर, वर केला म्हणजे वाढव. मूठ धरली की हात लावू नको. संध्याकाळी ती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची. गाणारा तयार, तबलजी तयार, समई लागलेली, आणि मास्तर तिच्याकडं बघायचे. तिनं मान हलवली की मगच गाणं सुरू. एका साली मुंबईचे मोठे गवई आले होते. ते म्हणाले, "कशासाठी थांबलो आहोत?" मास्तर म्हणाले, "आमच्या वहिनींची परवानगी यायची आहे." सगळा हॉल हसला. ही लाजून पदरात तोंड लपवून बसली आणि पदरातूनच मान हलवली.

मला ते आवडायचं, आणि थोडं खुपायचंही. काम माझं आणि मान तिला. पण तोंडानं मी कधी बोललो नाही.

गाणं वाढत गेलं. हॉल पुरेना, म्हणून शाळेच्या मैदानात मांडव घातला. दोनाचे तीन दिवस झाले. पुण्याहून गाणारे यायला लागले, आणि त्यांना ऐकायला पुण्याहून माणसंही. श्रीरामपूर, संगमनेरहून लोक एसटीनं यायचे आणि पहाटेच्या गाडीनं परत जायचे. सतरंज्या कमी पडल्या म्हणून आम्ही घरच्या घोंगड्या नेल्या. कमिटी झाली. कमिटीत एक डॉक्टर, एक वकील, एक बांधकामवाले. माझ्याकडंही नवीन मशीन आलं, उंच खांबासारखे स्पीकर आले. आमच्या दोघांचं आयुष्यच त्या तीन दिवसांभोवती फिरायचं म्हणा ना. बाकीचं वर्ष वरातीत जायचं.

आणि त्या वरातींनीच घात केला.

वरातीत बिघडून दुरुस्तीला आलेला कर्णा वाजवून बघावा लागतो. पूर्ण आवाजात वाजवल्याशिवाय दोष कळत नाही. शेजारच्या किराणावाल्यानं दोनदा तक्रार केली, एकदा पोलीस येऊन गेला. तेव्हापासून मी कर्ण्याचं तोंड रस्त्याकडून फिरवलं आणि आत, घराकडं केलं. मधे प्लायवूड. प्लायवूडच्या पलीकडं दीड हातावर ती भाकरी थापत असायची. एक दिवस नाही, वीसेक वर्षं. रोज दोनदा, तीनदा. लग्नसराईत तर दिवसभर. ती म्हणायची, "अवो, सांगून तरी वाजवत जा, हातातली भाकरी पडती." मी म्हणायचो, "भाकरी उचल आन् परत थाप." शेजाऱ्याला त्रास नको, पोलिसाला नको, मग राहिलं कोण? घरचं माणूस. घरचं माणूस तक्रार करायला पोलिसात जात नाही.

पुढं ती एकदा म्हणाली, "माझ्या कानात रातकिडे बोलत्यात."

"दिवसा?"

"दिवसा, रात्री, कवाबी. थांबतच न्हाईत."

"हवा भरली असंल. लसनाचं गरम तेल सोड."

तिनं तेल सोडलं. किडे थांबले नसणार. पण परत तिनं तो विषय काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर दवाखान्यात न्यावं लागलं असतं, आणि तेव्हा लग्नाची तीथ होती. खरं कारण एवढंच.

मग ते साल आलं. गाणं गावाबाहेर, सावेडीकडच्या मोठ्या मैदानावर गेलं. फलकावर पहिल्यांदा 'महोत्सव' लिहिलं. घोंगड्या, सतरंज्या गेल्या, खुर्च्या आल्या. मास्तर थकले होते, त्यांना पहिल्या रांगेत पांघरूण घालून बसवलेलं. सगळा कारभार डॉक्टरसाहेबांकडं, ते सेक्रेटरी. महिनाभर आधी त्यांनी मला बोलावलं.

"मामा, मैदान मोठं आहे. पुण्याची एक पार्टी तयार आहे. पण मास्तरांचा आग्रह आहे की तुम्हीच. झेपेल ना?"

"मैदान कितीबी मोठं आसूद्या, साहेब. आवाज माझाच लागंल."

"वहिनी येणार आहेत ना तपासायला?"

म्हणजे त्यांनाही तिच्यावर जास्त भरवसा. मी म्हणालो, येणार की.

दुपारी तंबोरे लावले. वारं सुटलं होतं, मांडवाचं कापड फडफडत होतं. ही छत्री घेऊन पार मागच्या रांगेपर्यंत गेली आणि तिथून हात वर केला. वाढव. मी वाढवला. परत हात वर. मी बारीक आवाजाचा खटका थोडा पुढं नेला. परत वर. मला वाटलं मैदान मोठं आहे, तिचं बरोबर असणार. आणि खरं सांगतो, मलाही आवाज गोधडीतून आल्यासारखा दबलेला वाटत होता. मी अजून पुढं नेला. मग तिनं मूठ धरली.

संध्याकाळी मंत्रीसाहेबांनी समई लावली. भाषणं झाली. या वेळी कोणी तिच्याकडं बघितलं नाही, कार्यक्रमपत्रिकेत वेळ छापलेली होती. पहिलं गाणं पुण्याच्या एका बाईंचं. नाव मोठं. त्यांनी डोळे मिटून सूर लावला. वर जायला लागल्या, आणि मी बघतो तर त्यांनी एकदम हात कानावर नेला. मला वाटलं कानातला झुमका टोचतोय. मग पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानावर हात ठेवले. मास्तरांनी पण. मी म्हटलं, हे काय चाललंय? तेवढ्यात सेक्रेटरी खुर्च्यांमधून धावत माझ्याकडं आले.

"अहो बंद करा ते! शिट्टी मारतोय माईक, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

मी सगळे खटके खाली ओढले. बाई गाताना थांबल्या होत्या. मागून कोणीतरी तोंडानं तशीच शिट्टी मारली आणि लोक हसले. स्टेजवरून बाई म्हणाल्या, "हरकत नाही, होतं असं," आणि तंबोरा परत लावायला घेतला. त्या चांगल्या होत्या. पण त्या चांगल्या होत्या म्हणून माझं डोकं जास्त तापलं.

ही बायकांच्या बाजूला पाचव्या का सहाव्या रांगेत बसली होती. चेहऱ्यावर हसू. तिला वाटत होतं सगळं छान चाललंय. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या मांडवासमोर ओरडलो.

"कान फुटलेत का तुझे? का मातीत घालून आलीस? काय सांगितलंस मला दुपारी?"

तिनं पदर सावरला. माझ्या तोंडाकडं बघत राहिली, अगदी निरखून.

"तोंडाकडं काय बघतीस? कान दे, कान!"

आजूबाजूच्या बायका खाली बघायला लागल्या. तिचं हसू कसं गेलं ते मला अजून दिसतं. एकदम गेलं नाही. आधी ओठ गेले, मग डोळे. मग ती उठली, छत्री घेतली, आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेली. सावेडीपासून माळीवाड्यापर्यंत चालत गेली. मी तीन दिवस काम रेटलं. चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी शाल दिली, नारळ दिला, आणि सांगितलं की पुढच्या वर्षीपासून पुण्याची पार्टी येईल.

पुढचं सांगायला लाज वाटते, कारण त्यात कोणी मोठा गुन्हा केला नाही, नुसता मूर्खपणा केला.

आमच्याकडं बाई रुसली तर पुरुषानं मागं लागायचं नसतं. दोन दिवस गप्प राहायचं, ती आपली बोलायला लागते. मी गप्प राहिलो. दुकानातून प्लायवूडच्या या बाजूनं म्हणायचो, "चहा टाक." चहा येत नव्हता. मी म्हणायचो, अजून राग गेला नाही. परत म्हणायला मी काय भिकारी आहे? मी उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायला जायचो. ती दारातून मला हॉटेलात जाताना बघायची, आणि समजायची, ह्यांना आता आपल्या हातचा चहाही नको. समोरासमोर असलो की ती नीट उत्तर द्यायची. पाठ असली की नाही. त्यामुळं माझं ठाम मत झालं की ही मनात येईल तेव्हाच ऐकते. असं सात वर्षं.

महोत्सवाला ती परत आली नाही. म्हणायची, पाय दुखतात, थंडी बाधते. मी जायचो. गेटापाशी उभा राहून पुण्याच्या पार्टीच्या चुका काढायचो. खोटं कशाला बोलू, चुका फारशा नव्हत्या. महोत्सव वाढतच गेला. मोठे पडदे आले, त्यात गाणाऱ्याचा चेहरा बैलगाडीएवढा दिसायचा. खाण्याचे स्टॉल आले. गाड्या लावायला वेगळं मैदान. मास्तर वारले, त्यांचा फोटो स्टेजवर आला, हार घातलेला. मी घरी येऊन तिला सांगायचो, अमका गायला, तमका वाजवला. खाटेवर भिंतीकडं तोंड करून सांगायचो. तिला त्यातलं काही कळत नसणार. ती "हं" म्हणायची.

मग एका दिवाळीत संगमनेरला दिलेली आमची लेक माहेरपणाला आली. मी प्लायवूडच्या दारातून काही तरी मागितलं, ही पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती, हलली नाही. मी ओरडलो.

लेक म्हणाली, "आबा, पाठीमागून कशाला वरडता? पुढं येऊन सांगा तिला."

"का? पाटलीण हाय का ती?"

"तिला ऐकू येत न्हाई, आबा."

"तिला पायजे ते बराबर येतं."

लेकीनं माझ्याकडं एकदा बघितलं. ओट्यावरचं स्टीलचं ताट उचललं, पळी घेतली, आणि तिच्या आईच्या मागं हातभर अंतरावर उभी राहून जोरात हाणली. माझे खांदे उडाले. शेजारचा किराणावाला डोकावला. ही तांदळातून खडा काढून बाजूला ठेवत होती. हातसुद्धा थांबला नाही.

"कधीपास्नं?" मी विचारलं.

"माझ्या लग्नाआधीपास्नं. थोडं थोडं करत गेलं. मला शपथ घातल्ती."

"पर मला का न्हाई सांगितलं?"

"म्हनायची, स्पीकरवाल्याची बायकू बहिरी म्हनल्यावर गिऱ्हाईक हसंल. आन् त्यांना वाटंल, माझ्यामुळं झालं."

त्यांना म्हणजे मला.

दुसऱ्या दिवशी मी तिला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. एक काचेची खोली असते. आत बसवतात, कानाला टोप्या लावतात, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. ती आत बसली आणि काचेतून माझ्याकडं बघत राहिली. बटण तिनं चार-पाचदा दाबलं असेल. डॉक्टर तरुण होता, नीट बोलायचा. म्हणाला, "बाबा, हे आवाजानं झालंय. तुमचा धंदा कोणता?" मी सांगितला. तर म्हणाला, "मग तुम्ही पण बसा की. आलाच आहात."

मी बसलो. मला वाटलं दोन मिनिटांचं काम. टोप्या लावल्या, बटण हातात घेतलं आणि वाट बघत बसलो. पहिले काही आवाज आले, मी दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी काचेतून डॉक्टरला हातानं विचारलं, कधी लावतोस? त्यानं टोप्या काढल्या आणि सांगितलं, "बाबा, मघापासून दहा आवाज होऊन गेले."

त्यानं कागद दाखवला. त्यावर रेघ होती, आधी सपाट आणि मग चंदनापुरीचा घाट उतरावा तशी खाली. म्हणाला, "जाडा आवाज तुम्हाला ऐकू येतो, म्हणून कळलं नाही. बारीक आवाज मात्र केव्हाच गेलेत. शिट्टी, घंटी, पाखरं. दहा-पंधरा वर्षं तरी झाली असतील."

मी मोजत बसलो नाही. मोजायची गरजच नव्हती. मला ती पुण्याची बाई दिसली, कानाकडं गेलेला हात दिसला, आणि मी मशीनपाशी उभा राहून झुमक्याचा विचार करत होतो ते दिसलं. मांडवातल्या हजार माणसांनी ती शिट्टी ऐकली होती. ऐकली नव्हती ती फक्त दोघांनी. एक मागच्या रांगेतून हात वर करणारी बाई, आणि दुसरा, ज्याच्या हातात खटके होते तो. तिचं काम तर मदतीचं होतं. खरं काम माझं. कान माझे पाहिजे होते.

बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर तिनं माझा हात हलवला.

"तुमचं काय म्हनला डाक्टर?"

आता मला माहीत झालं होतं की ती ओठ वाचते. म्हणून मी तिच्याकडं वळलो, तोंड तिच्यासमोर नीट धरलं, आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

"माझे कान ठणठणीत हायेत म्हनला."

तिनं मान डोलावली. म्हणाली, "देवाची कृपा. दोघांचे गेले असते तर दुकान कुनी बघितलं असतं?"

का खोटं बोललो? सरळ सांगतो. मला आयुष्यात एकच गोष्ट येत होती. जमीन नाही, शिक्षण नाही, चाक बापानं सोडलेलं. नगरात लोक मला स्पीकरवाले मामा म्हणून ओळखायचे. तेवढंही गेलं असतं तर मी कोण? आणि दुसरं, ते जास्त वाईट आहे. सात वर्षं मी तिच्यावर रागावलो होतो. त्या रागावर मी उभा होतो. तो काढून घेतला तर पायाखाली काय?

तिला कानाचं मशीन घेतलं. चार दिवस म्हणाली, सगळी माणसं डब्यातून बोलल्यासारखी वाटतात. मग सवय झाली. मी पुढं बसून बोलायला लागलो. चहा परत घरात सुरू झाला. थंडीत महोत्सव आला तेव्हा तिनंच विचारलं, "जायचं का एकडाव?"

रविवारची सकाळची बैठक होती. आम्ही मागं, कडेच्या खुर्च्यांवर बसलो. एवढा मोठा मांडव तिनं कधी बघितला नव्हता. पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, "अगंबया, बाईच्या नाकातली चमकी दिसती की." एक म्हातारे गवई सकाळचं काही गात होते, सावकाश. ती मशीनवर बोट ठेवून ऐकत होती. तिला किती पोचलं मला माहीत नाही. मधेच तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक बोलायचं हुतं."

"बोल."

"त्या सालचं. मला तवाच ऐकू येत नव्हतं. आन् मी हात वर करत राह्यले. सांगाया पायजे हुतं. माझ्यामुळं तुमचं काम गेलं. लोकांत तुमचं हसं झालं."

गवई गात होते. माझ्या तोंडात खरं आलं होतं. नुसतं ओठ हलवायचे होते, आवाजाचीही गरज नव्हती. ती माझ्या तोंडाकडंच बघत होती.

मी म्हणालो, "जाऊ दे. झालं ते झालं. मी न्हाई मनात ठेवलं."

मी तिला माफ केलं. कशाची माफी, ते मलाच माहीत. तिनं डोळे पुसले आणि खुर्चीत मागं टेकून बसली, मोठं ओझं उतरल्यासारखी. त्या हिवाळ्यात ती अशी वावरायची की बघत राहावं. शेजारणींना सांगायची, आमचे हे तोंडानं कडक, पण मनात काही ठेवत न्हाईत. संगमनेरला जाऊन लेकीलाही सांगून आली. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, उद्या सांगू. सुखात आहे, कशाला मोडायचं. पुढचा महोत्सवही आम्ही दोघांनी ऐकला, तेव्हाही म्हणालो, घरी गेल्यावर सांगू. वैशाखात तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मशीन कानातच होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि मी संगमनेरला गेलो. लेक भाकरी करत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. काचेची खोली, कागदावरची रेघ, रिक्षातलं बोलणं. ती थापत राहिली.

"मग आईला का न्हाई सांगितलं?"

"तोंड झालं न्हाई."

"मांडवात शिव्या द्यायला झालं."

ती बरोबर बोलली होती.

"आता मला कशाला सांगताय, आबा? मी म्हनू का तुमाला, जाऊ द्या?"

"तुला कुनी म्हन म्हनलं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग विचारलं, "तिनं त्या मांडवात तुमची माफी मागितली. तवा तुमी काय म्हनाला?"

"जाऊ दे म्हनलो. मनात न्हाई ठेवलं म्हनलो."

लेक तव्याकडं बघत राहिली. भाकरी उलटायची वेळ झाली, होऊन गेली, धूर यायला लागला. तिनं ती तशीच करपू दिली. मग उलथन्यानं काढली आणि माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली.